कवळी : मापाची आणि सवयीची

म्हातारपणाचे वर्णन करताना ‘तोंडाचे बोळके झाले’ असे म्हणण्याची मराठीत रीत आहे. केस पिकणे, दृष्टी मंदावणे, ऐकू कमी येणे यांच्याच रांगेत दात पडण्याला बसवून टाकले की मग त्याविषयी अधिक विचार करण्याचे कारण उरत नाही. परंतु या रांगेतही एक चमत्कारिक भेद आढळतो. चष्मा लावावयास आज कोणी संकोच करीत नाही. कवळीचा विषय निघाला मात्र की घरातील वडील माणूस तो हसण्यावारी नेते. ‘आता किती दिवस राहिले? कशाला हवेत नवे दात?’ असे म्हणून ते माणूस पोळी दुधात कुस्करून घेते आणि फोटो काढण्याची वेळ आली की तोंडासमोर पदर किंवा हात धरते. दात नसल्याने जे गमवावे लागते ते त्याने निमूटपणे मान्य केलेले असते.

दुसऱ्या बाजूला, कवळी करून घेतलेली असूनही ती डबीत पडून आहे, अशीही घरे पुष्कळ सापडतात. ‘बसत नाही’, ‘टोचते’, ‘बोलताना खाली येते’, ‘तिच्याने काही खाता येत नाही’ ही त्यामागची कारणे. ही गाऱ्हाणी खोटी नसतात. परंतु त्यांच्या मुळाशी बहुधा एक गैरसमज असतो. कवळी ही पैसे टाकून दुकानातून आणावयाची तयार वस्तू आहे असे समजले जाते. वस्तुतः ती एकाच तोंडासाठी बेतलेली असते, दुसऱ्या कोणाच्याही तोंडात ती बसणार नाही. आणि ती नीट बेतून झाल्यावरही तिच्यासह खाणे व बोलणे धारण करणाऱ्याला शिकावे लागते. अर्धे काम दंतवैद्याचे आणि अर्धे रुग्णाचे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. या दोन्ही अर्ध्यांत काय काय येते हे आधी ठाऊक असले, तर निराशेचे प्रसंग पुष्कळ कमी होतील.

दात गेल्याने नेमके काय जाते, हे प्रथम पाहिले पाहिजे. चावण्याची शक्ती जाते हे उघडच आहे. परंतु दात हे जबड्याच्या हाडात रुतलेले असतात आणि चावताना पडणारा ताण ते त्या हाडाला पोहोचवीत असतात. दात काढल्यावर हे काम संपते आणि हाड हळूहळू झिजू लागते. पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत वेगाने होते. पुढे ती मंदावते, पण थांबत नाही. आंत्ये टालग्रेन यांनी पंचवीस वर्षांपर्यंत केलेल्या मोजमापांचा निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट आढळली. हाड झिजले की ओठांचा व गालांचा आधार जातो, हनुवटी नाकाच्या दिशेने वर सरकते आणि चेहरा आखूड दिसू लागतो. बोळक्या तोंडाची जी खूण आपण ओळखतो ती केवळ दात नसल्याची नसून हाड झिजल्याचीही असते.

खाण्यातील फरकही लहान नाही. दात नसलेले माणूस भाकरी, कच्च्या भाज्या, फळे, शेंगदाणे, डाळी, मांस या गोष्टी एकेक करून सोडते आणि मऊ भात, चहात बुडवलेली बिस्किटे, लापशी यांवर येते. पोट भरते, परंतु प्रथिने व चोथा यांत कमतरता येते. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण दैवाच्या उलट्या न्यायासाठी वापरतो. पण तिचा सरळ अर्थही पुरेसा गंभीर आहे.

कृत्रिम दात ही काही आजची कल्पना नव्हे. मात्र तिचा इतिहास पाहिला तर पदार्थ कोणताही असो, खरी अडचण मापाचीच होती असे दिसून येते. जपानमध्ये १५३८ साली वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी वाकायामा येथे जपून ठेवलेली आहे. टाळूला नेमकी लागेल अशा बेताने लाकूड कोरल्यामुळे ती जागच्या जागी चिकटून राहत असे. युरोपात मात्र पुढे वरची व खालची कवळी एकमेकींना स्प्रिंगांनी जोडण्याची पद्धत होती. स्प्रिंगा सतत दोन्ही कवळ्या दूर ढकलीत, म्हणून धारण करणाऱ्याला तोंड आवळून धरावे लागे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली पदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांचे दात लाकडाचे होते ही आख्यायिका सर्वत्र पसरलेली आहे, पण ती खरी नाही. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचे हस्तिदंतासारखे दात, माणसांचे दात आणि धातू वापरलेले होते. माणसांचे दात मिळवण्याचे मार्गही त्या काळी सुखद नव्हते. १८१५ सालच्या वॉटर्लूच्या रणांगणावर मृत सैनिकांचे दात काढून विकले गेले आणि पुढे अशा दातांना ‘वॉटर्लूचे दात’ हेच नाव पडले.

माप घेण्याची खरी किल्ली दिसली ती जर्मनीत. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याचे दंतवैद्य फिलिप फाफ यांनी १७५६ सालच्या आपल्या ग्रंथात मेणाने तोंडाचा ठसा घेऊन त्यात प्लॅस्टर ओतण्याची पद्धत वर्णिली. तोंडाची हुबेहूब प्रतिमा मेजावर आली की कारागिराला रुग्णाविनाही काम करता येते. आता प्रश्न राहिला तो या प्रतिमेवर तंतोतंत बसेल अशा पदार्थाचा. तो एकोणिसाव्या शतकात रबराने सोडवला. चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट १८४४ साली मिळाले. याच मार्गाने पुढे तयार झालेले कडक रबर साच्यात दाबून तापवले की प्लॅस्टरच्या प्रतिमेचा प्रत्येक उंचसखलपणा त्यावर उमटे. कवळी प्रथमच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. या कृतीच्या हक्कांवरून अमेरिकेत दंतवैद्य व पेटंट बाळगणारी कंपनी यांच्यात वर्षानुवर्षे खटले चालले आणि १८७९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे कंपनीच्या खजिनदारावर एका दंतवैद्याने गोळी झाडून त्यांचा प्राण घेतला. इतके महत्त्व त्या काळ्या-तांबड्या रबराला आले होते. १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक आले आणि काही वर्षांतच त्याने रबराला मागे टाकले. हिरडीसारखा रंग, कमी वजन आणि सुलभ दुरुस्ती यांमुळे आजही बहुतेक कवळ्या ॲक्रिलिकच्याच होतात.

दातांची गरज समाजात किती दबून राहिलेली असते याचे एक उदाहरण ब्रिटनमध्ये दिसले. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि कवळ्या विनामूल्य मिळू लागल्या. मागणी इतकी लोटली की सरकारचे खर्चाचे अंदाज कोसळले. १९५१ साली कवळ्या व चष्मे यांवर आकार बसवण्याचे ठरले, तेव्हा ही सेवा उभारणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी त्या प्रश्नावर राजीनामा दिला. ज्यांनी वर्षानुवर्षे ‘कशाला हवेत दात’ असे म्हटले असेल तीच माणसे, संधी मिळताच रांगेत उभी राहिली होती.

आता कवळी कशी होते ते पाहू. प्रथम उरलेल्या दातांची व तोंडाची तपासणी होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दोन-चार दात बरे असताना ‘एकदाचे सगळेच काढून टाका’ असा आग्रह धरणे हिताचे नसते. काही दात असल्यास त्यांना तारेच्या किंवा धातूच्या आकड्यांनी धरणारी अर्धी कवळी करता येते. खालच्या जबड्यातील दोन सुळ्यांची निदान मुळे जरी राखता आली, तरी त्यांच्या भोवतीचे हाड टिकते आणि वरून बसणाऱ्या कवळीला आधार मिळतो. दात काढावेच लागले तर जखमा भरून हाडाला थोडे स्थैर्य येण्यासाठी साधारणतः सहा ते आठ आठवडे थांबतात. मधल्या काळात दात नसणे अडचणीचे असेल तर दात काढण्यापूर्वीच कवळी तयार करून त्याच दिवशी बसवता येते. मात्र पुढे हाड झपाट्याने झिजत असल्याने ती काही महिन्यांतच सैल होते आणि आतून भरून घ्यावी लागते, हे आधीच समजून असावे.

त्यानंतर माप. पहिले माप ओबडधोबड असते. ते घेण्यासाठी वापरली जाणारी एक पूड समुद्रशेवाळापासून काढलेल्या द्रव्याची असते. पाण्यात कालवून तबकडीत भरून तोंडात धरली की ती दोन-तीन मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. या मापात प्लॅस्टर ओतून जी प्रतिमा मिळते तिच्यावर त्या एका तोंडासाठी खास तबकडी तयार करतात आणि तिच्या साहाय्याने दुसरे, बारकाव्याचे माप घेतात. यासाठी पुष्कळदा जे मलम वापरतात त्याला लवंगतेलाचा वास येतो. हे माप घेताना दंतवैद्य रुग्णाला ओठ पुढे काढावयास, गाल आवळावयास, जीभ बाहेर काढून डावी-उजवीकडे फिरवावयास सांगतो. कित्येकांना हा प्रकार हास्यास्पद वाटतो व ते अर्धवट हालचाल करून मोकळे होतात. परंतु कवळीची कड गालाच्या व जिभेच्या स्नायूंना न अडखळता कोठपर्यंत जावी हे याच हालचालींनी ठरते. येथे संकोच केला तर पुढे कवळी बोलताना उचलली जाते.

तिसऱ्या खेपेस दोन्ही जबड्यांतील अंतर व संबंध ठरतो. दात असताना ते एकमेकांवर टेकून हे अंतर राखीत असतात. ते गेल्यावर माप कशावरून घ्यावयाचे? मेणाच्या जाड कडा केलेले पट्टे तोंडात बसवून हे काम करतात. ‘म’ म्हणताना ओठ सहज मिटतात आणि जबडा विश्रांतीच्या स्थितीत येतो. या स्थितीत वरच्या व खालच्या दातांमध्ये सुमारे दोन ते चार मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. ते राहिले नाही तर दात सतत एकमेकांवर आपटतात, बोलताना खटखट आवाज येतो आणि हिरड्या दुखतात. अंतर फार राहिले तर चेहरा बसकाच राहतो. जबडा पुढे-मागे कोठे मिटतो हे पाहण्यासाठी जिभेचे टोक टाळूच्या मागच्या भागाला लावून तोंड मिटावयास सांगतात. ही सर्व मापे जबड्याच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या एका यंत्रावर उतरवली जातात.

मग दातांची निवड. तेथे पुष्कळांची हौस आडवी येते. पासष्ट वर्षांच्या चेहऱ्यावर मोत्यासारखे पांढरे, एका रेषेत बसवलेले दात लांबूनही कवळीचेच वाटतात. तरुणपणीचा, शक्यतो हसत असलेला एखादा फोटो बरोबर नेला तर दातांचा आकार व मांडणी ठरवावयास दंतवैद्याला फार मदत होते. निवडलेले दात प्रथम मेणात बसवून तोंडात घालून पाहतात. बदल सुचवावयाची हीच वेळ होय. आरशात पाहावे, घरचे माणूस बरोबर असल्यास त्याचे मत घ्यावे आणि मुख्य म्हणजे बोलून पाहावे. त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण आहेत. जिभेचे टोक वरच्या दातांना लागल्यावाचून ते उमटत नाहीत. फ आणि व म्हणताना वरचे दात खालच्या ओठाजवळ येतात. ‘चमचा’, ‘जहाज’ यांतील च आणि ज यांचा मराठी उच्चार दातांच्या मुळाशी होतो. ‘स’ हा तर सर्वांत कडक परीक्षक. सुदैवाने मराठीत त्याची तयार परीक्षा आहे: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट अशी सत्तरपर्यंत संख्या मोजावी. दात परस्परांवर न आपटता व शिट्टी न वाजता हे आकडे पार पडले तर मांडणी बहुतांशी जमली असे समजावे.

पसंती मिळाली की तंत्रज्ञ ती मेणाची कवळी प्लॅस्टरच्या साच्यात बंद करतो, उकळत्या पाण्याने मेण वाहून काढतो आणि त्या रिकाम्या जागेत ॲक्रिलिकचा मळलेला गोळा दाबून भरतो. साचा सुमारे ७४ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात आठ-नऊ तास ठेवण्याची पद्धत रूढ आहे. या गोळ्यातील द्रव १०० अंशांच्या आसपास उकळतो. म्हणून घाईने तापवले तर आत बुडबुडे राहून कवळी ठिसूळ होते. ‘उद्याच द्या’ असा तगादा लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अलीकडे तोंडाचे माप कॅमेऱ्याने घेऊन यंत्रावर कवळी कोरण्याची किंवा थरावर थर देऊन छापण्याची पद्धतही शहरांत आली आहे. तिच्याने वेळ वाचतो. तथापि मापाचा काटेकोरपणा आणि रुग्णाचे सहकार्य यांची गरज तिच्यातही सुटत नाही. एकंदरीत चार ते सहा खेपा धरून चालावे.

कवळी तोंडात राहते कशी, याचेही अनेकांना कोडे वाटते. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या सहज सुटत नाहीत. टाळू व कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असाच काम करतो, आणि कडा सर्व बाजूंनी नीट मिटलेल्या असल्या की आत हवा शिरत नाही. वरच्या कवळीला टाळूचा विस्तार मिळतो. तिला आधार देणारी जागा सरासरी २३ चौरस सेंटीमीटर भरते. खालच्या कवळीच्या मध्यभागी जीभ असल्यामुळे तिला सुमारे १२ चौरस सेंटीमीटरच जागा मिळते. म्हणून खालची कवळी वरचीसारखी घट्ट कधीच बसत नाही. ती मुख्यतः जीभ, ओठ व गाल यांच्या स्नायूंनी सांभाळावयाची असते. खालची कवळी हलते म्हणून दंतवैद्याला दोष देण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा.

येथून पुढचे अर्धे काम रुग्णाचे. पहिले काही दिवस तोंडात काहीतरी परके आहे असे वाटते आणि लाळ अधिक सुटते. कवळी ही चावण्याची वस्तू आहे असे समजून मेंदू लाळ सोडीत असतो. काही दिवसांत हे थांबते. आरंभी मऊ भात, वरण, उकडलेल्या भाज्या असे अन्न घ्यावे. घास लहान असावा आणि तो दोन्ही बाजूंना वाटून एकाच वेळी चावावा, कारण एकाच बाजूने चावले की दुसरी बाजू उचलली जाते. पटाशीच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडू नये; सुरीने तुकडे करून घ्यावे. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच असतो. सुपारी फोडण्याची अपेक्षा तिच्याकडून करू नये. पण भाकरी, भाजी, उसळ, मासे यांची गोडी ती परत देऊ शकते. सरावाला सहा ते आठ आठवडे लागतात.

माशांच्या संदर्भात गोव्यातील व किनाऱ्यावरील वाचकांनी एक सावधगिरी बाळगावी. वरच्या कवळीने टाळू झाकला जातो आणि त्यामुळे घासातील बारीक काटा जाणवत नाही. काटेरी मासा खाताना काटे ताटातच हाताने वेगळे करावे. चहाचीही गोष्ट तशीच. तो किती कढत आहे हे टाळूला कळत नाही आणि घशाशी गेल्यावरच चटका बसतो.

बोलण्याच्या सरावाला वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याइतका सोपा उपाय नाही. रोज पंधरा-वीस मिनिटे, प्रथम सावकाश वाचावे. ज्या शब्दाला जीभ अडखळते तो पुन्हा म्हणावा.

नव्या कवळीने हिरडीला कोठे तरी घर्षण होणे हे स्वाभाविक आहे. ती बसवल्यावर दुसऱ्या दिवशी किंवा दंतवैद्य सांगेल तेव्हा दाखवावयास जावेच. मात्र दुखते म्हणून ती आठवडाभर काढून ठेवून नंतर जाण्यात अर्थ नाही. तोवर खूण पुसून जाते. भेटीपूर्वी काही तास ती घालावी, म्हणजे लाल झालेली जागा स्पष्ट दिसते व नेमका तेवढाच भाग घासता येतो. घरी कानशीने किंवा पॉलिशपेपरने घासण्याचा प्रयोग कदापि करू नये. एका मिनिटाच्या घासण्याने सर्व माप बिघडते.

निगा राखण्याचे नियम थोडे व सोपे आहेत. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून धुवावी. रोज मऊ ब्रश व साधा साबण यांनी घासावी. राखुंडी, मशेरी, खरखरीत दंतमंजन यांनी तिच्यावर ओरखडे पडतात व त्यांत घाण साचते. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले किंवा जाड टॉवेल असावा, कारण कवळ्या मोडतात त्या बहुधा हातातून निसटून. उकळते पाणी वापरू नये. ॲक्रिलिक वाकडे होते. रात्री ती काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी आणि हिरड्या, टाळू व जीभ मऊ ब्रशने किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्याव्या. रात्रंदिवस कवळी घालणाऱ्यांच्या टाळूवर बुरशीमुळे लाली येते. पुष्कळदा ती दुखतही नाही, म्हणून कळत नाही. जपानमध्ये पंच्याऐंशी वर्षे व त्यावरील वृद्धांची एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत कवळी घालूनच झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक आढळले. पाण्याची वाटी उशाशी ठेवण्याचा हा उपाय इतका स्वस्त आहे की तो न करण्यास काही कारण नाही.

कवळी एकदा केली की जन्माची सोय झाली असे मानणे हाही एक भ्रम होय. कवळी बदलत नाही. तिच्याखालचे हाड बदलते. म्हणून काही वर्षांनी ती सैल होते. आतून नवा थर देऊन ती पुन्हा बसती करता येते, आणि साधारण पाच-सात वर्षांनी नवी करण्याचा विचार करावा लागतो. सैल कवळी चिकटपुडीच्या भरवशावर वर्षानुवर्षे ओढण्याने हिरड्यांना इजा होते व हाड अधिक झिजते. वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावे. तोंडातील कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरून आली नाही, तर ती कवळीची आहे असे घरीच ठरवून स्वस्थ बसू नये. तंबाखू खाणाऱ्यांनी व पूर्वी खाल्लेल्यांनी तर मुळीच नाही. कर्करोगाचा आरंभ अशाच न दुखणाऱ्या जखमेतून होऊ शकतो.

शेवटचा प्रश्न, कवळी कोणाकडून करावी? दंतवैद्यकाचे शिक्षण आपल्याकडे तसे अलीकडचे. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास १९२० साली देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले आणि १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यांच्या नोंदणीची व्यवस्था आली. त्याआधी हा बव्हंशी पिढीजात हस्तव्यवसाय होता. आजही बाजारात रस्त्याच्या कडेला बसून तासाभरात दात बसवून देणारे भेटतात. ते शेजारच्या चांगल्या दातांना ॲक्रिलिकने किंवा तारेने नवा दात कायमचा चिकटवतात. तो काढता येत नाही, त्याखाली ब्रश जात नाही. अन्न कुजते, हिरडी सुजते आणि ज्या दातांना तो बांधलेला असतो तेही हलू लागतात. एका दातासाठी तीन दात देण्याचा हा सौदा असतो. म्हणून दंतवैद्याचा नोंदणी क्रमांक पाहावा. खर्चाची अडचण असेल तर दंतमहाविद्यालयाचे रुग्णालय हा उत्तम मार्ग आहे. इंदूर, हैदराबाद, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात बांबोळी येथे शासकीय दंतमहाविद्यालये आहेत. बेळगाव, वडोदरा, ग्वाल्हेर येथेही दंतमहाविद्यालये आहेत. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खेपा काही अधिक पडतात. पण खर्च कमी येतो आणि प्रत्येक पायरी तपासली जाते.

ज्यांची खालची कवळी कितीही प्रयत्न केला तरी स्थिर राहत नाही, त्यांच्यासाठी आता आणखी एक उपाय आहे. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी टिटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो हे ओळखून १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्याचे खुंट बसवले. खालच्या जबड्यात पुढे असे दोन खुंट बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवता येते. २००२ साली कॅनडातील माँट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच प्रथम पसंतीचा उपाय असावा असे मत दिले. त्याला खर्च बराच येतो, आणि आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा धूम्रपान असल्यास यशाची खात्री कमी होते. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. नीट मापाच्या साध्या कवळीवर असंख्य माणसे सुखाने जेवत आहेत.

या सर्वांत घरच्या माणसांचा वाटा मोठा आहे. वृद्ध माणसाला चार-सहा खेपा घालावयाच्या तर कोणीतरी बरोबर जावे लागते. पहिल्या महिन्यात त्याचे जेवण सावकाश होते, तेव्हा पंगत त्याच्यासाठी थांबावी लागते. आणि एखादा शब्द अडखळला तर नातवंडांना हसू न देण्याची खबरदारी वडिलांनी घ्यावी लागते. पहिल्याच आठवड्यात ‘राहू दे, नाही जमत तर’ असे प्रेमाने म्हणणारे घरही कवळीला डबीत पाठवीत असते. त्याऐवजी घास लहान करून द्यावे, दुखले तर दंतवैद्याकडे घेऊन जावे आणि रोज सायंकाळी वर्तमानपत्र त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे. दोन महिन्यांनी भाकरीचा तुकडा ते माणूस आपल्या हाताने मोडून घेईल व चावून खाईल, एवढे झाले तरी सर्व खटाटोपाचे चीज झाले.